प्रमोद : रोजच्या आनंदाचे शास्त्र

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त मुकुटबन येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव हा आनंदाचा प्रसंग असतो. म्हणून आज मी आनंदाविषयीच बोलावे असे ठरविले. मोठ्या आनंदाविषयी नव्हे. लग्न, वास्तू, पदवी, पदोन्नती यांचा आनंद सर्वांनाच समजतो. मला बोलावयाचे आहे ते रोजच्या, लहानसहान, बिनखर्चाच्या आनंदाविषयी आणि आपल्या धर्माने त्याला कोणते स्थान दिले आहे त्याविषयी.

जैन धर्माविषयी बाहेरच्या जगात, आणि खरे सांगायचे तर आपल्या नव्या पिढीतही, एक समज रूढ आहे की हा ‘नको’ म्हणणारा धर्म आहे. रात्री जेवू नका, कंदमुळे खाऊ नका, हिरव्या गवतावरून चालू नका, संग्रह करू नका. त्याग, तप आणि संयम यांची ही परंपरा थोर आहेच. परंतु तीत आनंदाला जागा नाही, असे जर कोणी समजत असेल तर ते बरोबर नाही. आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सातव्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत : मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य. प्राणिमात्राविषयी मैत्री, आपल्याहून गुणाने अधिक असलेल्यांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी करुणा आणि जे ऐकावयास तयार नाहीत त्यांच्याविषयी तटस्थता. यांतील दुसरी भावना प्रमोद, म्हणजे हर्ष. श्रावकाने व्रते पाळावीत, तसेच हर्षित होण्याचाही अभ्यास करावा, असे आपले शास्त्र सांगते. आनंद ही जिथे अभ्यासाची गोष्ट मानली गेली, त्या धर्माला रुक्ष कसे म्हणावे?

मात्र आनंद या शब्दाने फसगत होऊ शकते, हे शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते. रौद्रध्यानाचे चार प्रकार वर्णिले आहेत आणि नवल असे की त्या चारही नावांत ‘आनंद’ हा शब्द आहे : हिंसानंद, मृषानंद, चौर्यानंद आणि परिग्रहानंद. दुसऱ्याला दुखवून होणारा, खोटे बोलून होणारा, चोरून मिळविल्याचा आणि साठवून राखल्याचा आनंद. ही यादी जुनी आहे, पण जुनाट नाही. संक्रांतीला मांजाने पक्ष्याचा पंख कापला गेला आणि तरी ‘काटली’ म्हणून आरोळी उठली, तर तो हिंसानंद. शहानिशा न करता कोणाची बदनामी मोबाइलवरून दहा जणांना पाठविण्यात जी गंमत वाटते, तो मृषानंद. काट्यावर शेतकऱ्याच्या मालात मारलेल्या दोन किलोंचे समाधान हा चौर्यानंद. आणि तिजोरीचे कुलूप दोनदा ओढून पाहताना मनाला जो गोडवा वाटतो, तो परिग्रहानंद. म्हणजे प्रत्येक आनंद चांगला नसतो. कोणता आनंद मनाला हलके करतो आणि कोणता जड करतो, हे ओळखणे हाच विवेक.

हलका करणारा आनंद कुठे असतो? त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपल्या मुकुटबनच्या परिसराकडेच पाहू या. फाल्गुनात पानगळ झालेल्या जंगलात पळस फुलतो. पानाचा पत्ता नाही, आणि झाडभर केशरी रंग. वणीहून येताना रस्त्याच्या कडेने तो दिसतो, तो कोणाच्याही मालकीचा नसतो आणि म्हणून सर्वांचा असतो. ते फूल तोडून घरी आणले तर संध्याकाळपर्यंत कोमेजेल आणि एकट्याचे होईल. झाडावर राहिले तर येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचा धनी. अहिंसा आणि अपरिग्रह या दोन्ही व्रतांचा पाठ तो पळस न बोलता देतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास काळ्या मातीत बोंडे उकलतात आणि वावर पांढरे होते. आपल्या विदर्भात कापसाची पहिली वेचणी सुरू करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करण्याची रीत आहे. पीक घरी येण्याआधी, भाव ठरण्याआधी, नुसते बोंड उकलले याचा तो आनंद असतो. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या भुईचा वास. चैत्रात पहाटेच्या वाऱ्यावर येणारा मोहाचा सुगंध. माजरी–आदिलाबाद मार्गावरील गाडी आपल्या स्टेशनात शिरताना, नुकतेच वाचायला शिकलेल्या मुलाने फलकावरील ‘मुकुटबन’ ही अक्षरे मोठ्याने जुळविणे. आठवडी बाजारात एकाच ओळीत मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोल कानी पडणे. कोलाम कारागिराच्या हातात बांबूची कामटी वळत वळत टोपली होताना पाहणे. हे सारे आपल्या दाराशी आहे. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या तीन आदिम जमातींपैकी एक. ज्यांच्याजवळ वस्तू सर्वांत थोड्या, त्यांच्या हातचे हे कसब पाहताना मन प्रसन्न झाले, तर तोही गुणदर्शनाचाच आनंद आहे.

घरातही तसेच. सूर्यास्तापूर्वी चौविहाराच्या नियमाने घेतलेला गाळलेल्या पाण्याचा शेवटचा घोट आणि सकाळी नवकारशीनंतरचा पहिला घोट, यांची चव नियम करणाऱ्यालाच कळते. पाणी तेच, माठ तोच. संयमाने त्याला गोडी आणली. त्याग आनंदाचा शत्रू आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा हा प्रयोग करून पाहावा. व्यापाऱ्याच्या जीवनातले आनंद तर त्यालाच ठाऊक. दोन तास शोधूनही न सापडलेला सव्वा रुपयाचा फरक सापडून जमाखर्च जुळणे. वडिलांच्या काळातल्या गिऱ्हाइकाचा नातू दुकानाची पायरी चढणे. भारनियमनाच्या रात्री अचानक दिवे आले म्हणजे साऱ्या आळीतून एकदम उठणारा लहान मुलांचा जल्लोष. आठ दिवसांच्या उपवासानंतर घरातल्या मुलीचे पारणे असते, आणि मुगाच्या पाण्याची वाटी तिच्या ओठांशी लावताना आजीचा हात किंचित थरथरतो. संवत्सरीला वर्षभर न बोललेले दोन भाऊ ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून समोरासमोर येतात आणि खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखे दोघांनाही वाटते. या क्षणांची किंमत कोणत्या वहीत लिहिणार?

जगातील इतर समाजांनाही या लहान आनंदांचे महत्त्व उमगले आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी जपानच्या राजदरबारातील सेई शोनागोन या विदुषीने मनाला सुखविणाऱ्या आणि न सुखविणाऱ्या गोष्टींच्या याद्या लिहून ठेवल्या. त्या आजही वाचल्या जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये अन्नधान्याचे रेशनिंग चालू असताना, १९४९ साली, जे. बी. प्रीस्टली या लेखकाचे ‘डिलाइट’ हे पुस्तक निघाले. त्यात रोजच्या आनंदांवर ११४ छोटे लेख आहेत. स्वतः प्रीस्टली तक्रारखोर म्हणून प्रसिद्ध होते. टंचाईच्या दिवसांत अशा माणसाला आनंदाची मोजदाद करावीशी वाटली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परंतु या याद्या बहुधा ‘मला काय आवडते’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल असतात. प्रमोदभावना एक पाऊल पुढे जाते. ती विचारते, ‘दुसऱ्याचे चांगले पाहून तुला काय वाटते?’ शास्त्राने आवडीला ‘रति’ म्हटले आहे आणि तिची गणना नोकषायांत केली आहे. रति म्हणते, हे पुन्हा हवे आणि माझेच हवे. प्रमोद म्हणतो, हे आहे, एवढ्यानेच मी धन्य झालो. पळसाचे फूल न तोडता ज्याला आनंद होतो, त्याच्या दृष्टीला हळूहळू शेजाऱ्याचा गुण न ओरबाडता पाहण्याची सवय लागते. लहान आनंद ही त्या मोठ्या भावनेची बाराखडी आहे.

या भावनेचे मोल सांगणाऱ्या तीन कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या आज शेजारी-शेजारी ठेवून पाहू या.

पहिली संगमाची. गरीब विधवेचा हा गुराखी मुलगा. खीर खाण्याचा त्याने हट्ट धरला. शेजारणींनी दूध, तांदूळ, साखर दिली आणि आईने खीर केली. तेवढ्यात मासक्षमणाच्या पारण्यासाठी मुनिराज दारी आले. संगमाने ताटातील सारी खीर वोहोरविली आणि ‘आज माझे भाग्य उजळले’ या भावनेने तो हरखून गेला. पुढच्या जन्मी तोच राजगृहीचा शालिभद्र झाला. दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी आपण ज्याच्या ऋद्धीची इच्छा पहिल्या पानावर लिहितो, तो हा शालिभद्र.

दुसरी मम्मण शेठची. तोही राजगृहीचाच. पावसाळ्यातील एका काळोख्या रात्री, विजेच्या प्रकाशात, राणी चेलनेला महालातून दिसले की एक माणूस लंगोटी लावून पुरात वाहत येणारी लाकडे ओढीत आहे. राजा श्रेणिकाने त्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, बैलाची जोडी पुरी करावयाची आहे. राजाने आपल्या गोठ्यातील बैल देऊ केला, तेव्हा मम्मणाने राजाला आपल्या घरी नेले. तळघरात रत्नजडित सोन्याचे बैल उभे होते, राजाच्या खजिन्यालाही न परवडणारे. आणि हा धनी स्वतः तेल आणि चवळी खाऊन राहात होता. असे का? तर पूर्वजन्मी त्याने मुनींना मोदक वोहोरविला होता, पण नंतर त्या मोदकाचा चुरा चाखून पाहिला आणि इतका रुचकर मोदक देऊन टाकल्याचा पश्चात्ताप केला. दानाने संपत्ती मिळाली, पश्चात्तापाने तिचा उपभोग हिरावला.

दोघांनीही दान दिले, दोघांचेही पात्र उत्तम होते, दोघांनाही ऋद्धी मिळाली. फरक पडला तो दिल्यानंतरच्या घटकेत. एकाने हर्ष केला, दुसऱ्याने हळहळ. म्हणून आपल्याकडे करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिहींना सारखे वजन दिले आहे.

तिसरी कथा अनुमोदनेचीच आहे आणि ती आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी येथे २०१६ साली भगवान ऋषभदेवांच्या १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठा झाली, हे आपणास ठाऊक आहेच. त्याच तुंगी शिखरावर बलभद्रमुनींनी तप केले, अशी परंपरा आहे. त्यांच्या तपाने भारावलेले एक हरीण सदैव त्यांच्याजवळ असे. एकदा वनात लाकूड तोडण्यासाठी आलेल्या रथकाराकडे ते मुनींना घेऊन गेले. रथकाराने भक्तिभावाने आहार वोहोरविला. हरिणाजवळ देण्यासारखे काहीच नव्हते. ते डोळ्यांत पाणी आणून ते दान नुसते पाहत राहिले. त्याच क्षणी अर्धवट तोडलेले झाड कोसळले आणि तिघांचेही आयुष्य पूर्ण झाले. कथा सांगते की घेणारा, देणारा आणि पाहून हरखणारा, तिघेही एकाच देवलोकी गेले. मुक्या प्राण्याला जे साधले, ते आपल्याला साधू नये काय?

या ठिकाणी मला एका कठीण प्रश्नाकडे वळले पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यात उभे राहून आनंदाची गोष्ट कोणत्या तोंडाने करावी? १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील, महागाव तालुक्यातील चिलगव्हाण गावचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह वर्धा जिल्ह्यात पवनारजवळील दत्तपूर येथे जीवन संपविले. त्यानंतर या जिल्ह्याचे नाव देशभर कशासाठी घेतले जाऊ लागले, ते येथे सांगण्याची गरज नाही. त्या घटनेच्या स्मरणार्थ अनेक संवेदनशील माणसे दर १९ मार्चला एक दिवसाचा अन्नत्याग करतात. योगायोग असा की संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१२ साली जो आंतरराष्ट्रीय आनंद दिन ठरविला, तो येतो दुसऱ्याच दिवशी, २० मार्चला. आपल्या दिनदर्शिकेत करुणेचा दिवस आधी येतो आणि आनंदाचा नंतर. मला हा क्रम फार अर्थपूर्ण वाटतो. चार भावना एकत्र सांगितल्या आहेत त्या याचसाठी. करुणेवाचून प्रमोद पोकळ होतो, आणि प्रमोदावाचून करुणा खचून जाते.

आपल्या समाजातील बहुतेक घरे व्यापारावर उभी आहेत आणि येथील व्यापार शेवटी कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर उभा आहे. २०२२ मध्ये येथील सिमेंट कारखान्याचे उत्पादन सुरू झाले, नवी वस्ती वाढली, नवे गिऱ्हाईक आले. तरी आपल्या दुकानाच्या पायरीवर बसलेला शेतकरी हाच आजही या गावाचा कणा आहे. आपण आपल्या पुणिया श्रावकाला विसरता कामा नये. तो कापसाचे पेळू विकून पोट भरीत असे. पेळूला तिकडे पुणी म्हणतात, त्यावरूनच त्याचे हे नाव पडले. मिळकत जेमतेम. तरीही रोज एका साधर्मिकाला जेवू घालता यावे म्हणून पती-पत्नी एकाआड एक दिवस उपवास करीत. भगवान महावीरांनी ज्याच्या सामायिकाची थोरवी सांगितली आणि राजा श्रेणिकाला आपले सारे राज्य देऊनही ज्याच्या एका सामायिकाचे फळ विकत घेता आले नाही, तो हा कापसाचा माणूस. कापसाच्या प्रदेशातील जैनांना याहून जवळचा आदर्श कोणता? मम्मणाजवळ सोन्याचे बैल होते, पुणियाजवळ कापसाचे पेळू. आनंद कोणाच्या घरी होता, ते सांगावयास नको.

आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. लाकडी बैलाला झूल घालून, त्याच्या गळ्यात घागरमाळ बांधून मुले घरोघर जातात. त्या बैलाला ना मोल, ना काम. तो औताला जुंपला जात नाही, त्याला चाबूक बसत नाही. ते लेकरू दिवसभर त्याची दोरी सोडीत नाही. मम्मणाच्या रत्नजडित बैलाने जे दिले नाही, ते हा लाकडी बैल देतो. आपल्या दारी असे लेकरू आले, तर त्याच्या हातावर खाऊ ठेवताना क्षणभर त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. व्याख्यानात जे सांगता येत नाही, ते तेथे लिहिलेले असते.

मित्रहो, सर्वांत अवघड आनंद कोणता? आपल्या घरातील आनंद सोपा. परक्याचे दुःख पाहून कळवळणेही त्यामानाने सोपे, कारण त्यात आपण वरच्या पायरीवर असतो. परंतु समोरच्या दुकानातील गर्दी पाहून, चुलतभावाच्या मुलाचे गुण ऐकून, दुसऱ्याच्या हातून झालेले मोठे काम पाहून खरोखर हर्ष होणे, ही तपश्चर्या आहे. अठ्ठाई करणाऱ्यालाही ती सहज साधत नाही. लहान गावात सर्वांना सर्वांचे ठाऊक असते. म्हणून येथे मत्सरालाही जागा अधिक आणि प्रमोदालाही. कोणत्या बीजाला पाणी घालावयाचे, ते आपल्या हाती आहे.

त्यासाठी मी तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, दिलेले दान पुन्हा मोजू नये. दिल्यानंतर मनात कुरकुर आली तर संगम आणि मम्मण यांची आठवण करावी. दुसरी, दिवसाचा जमाखर्च लिहून झाला की त्याच वहीच्या शेवटी एक ओळ लिहावी : आज दुसऱ्याच्या हातून घडलेली कोणती चांगली गोष्ट मी पाहिली? गावातल्या शिक्षकाची, परिचारिकेची, हमालाची, कोणाचीही. वर्षाअखेरीस नफ्या-तोट्याबरोबर तीही पाने चाळावीत. तिसरी, हंगामाचा पहिला कापूस घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला भाव सांगण्याआधी पीक कसे आले ते विचारावे, चांगले आले असेल तर मनापासून आनंद व्यक्त करावा, आणि मग मापात एक छटाकही कमी करू नये. काटा खरा असेल तरच तो आनंद खरा.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या ट्रस्टचा पाया घातला, त्यांच्यापैकी अनेक जण आज आपल्यात नाहीत. त्यांनी लावलेल्या झाडाची सावली त्यांना मिळाली नाही. ती आपल्याला मिळाली. पुढच्यांना मिळेल या विचारानेच त्यांना हर्ष झाला असेल, एरवी माणूस असे काम अंगावर घेत नाही. या महोत्सवाची स्मरणिका निघेल, तेव्हा तीत देणगीदारांची, कार्यकर्त्यांची, तपस्वींची नावे छापलेली असतील. आपण सारे ती उघडू आणि स्वाभाविकपणे आधी आपले नाव शोधू. माझी एवढीच विनंती आहे की ते सापडल्यावर पान मिटू नये. एकेका नावावर बोट ठेवावे आणि मनात ‘अनुमोदना’ म्हणावे. ज्यांची नावे छापली गेली नाहीत, ज्यांनी सतरंज्या अंथरल्या, पाणी गाळले, पंगतीत वाढले, त्यांच्यासाठीही एकदा म्हणावे. त्या हरिणाजवळ याहून अधिक काही नव्हते, आणि तेवढे पुरेसे ठरले.

जय जिनेंद्र.